काट्यांच्या मुलखातली सायकल

“पंक्चर होणारच नाही असा टायर आहे का हो तुमच्याकडे?” सायकलच्या दुकानात हा प्रश्न नेहमीचाच. मुरलेला मिस्त्री त्यावर हो किंवा नाही म्हणत नाही. तो उलट विचारतो, “तुमच्याकडं काटा कुठला लागतो?”

त्याचं विचारणं अगदी रास्त आहे. पंक्चरवर बाजारात जेवढे उपाय मिळतात, ते सगळे कुठल्या ना कुठल्या काट्यावर चांगले चालतात आणि दुसऱ्या एखाद्या काट्यापुढे हात टेकतात. जाड ट्यूब, टायरच्या आत घालायची पट्टी, ट्यूबमध्ये ओतायचं सीलंट, ट्यूबलेस चाक यांतलं काय घ्यायचं हे सायकलच्या किमतीवर ठरत नाही. आपल्या वाटेवर काय पडलेलं असतं, त्यावर ते ठरतं.

सह्याद्रीच्या पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत आणि तिकडे कर्जत, जामखेड, आष्टी हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. घाटमाथ्यावर ढग रिकामे झाल्यावर उरलेला पाऊस इथे पोचतो. अशा जमिनीत तगणारी झाडं पानं बारीक ठेवतात आणि शेळ्या-मेंढ्यांपासून बचाव म्हणून काटे वाढवतात. ओढ्याकाठी बाभूळ, माळावर हिवर, बांधाला बोर, पडीक रानात वेडी बाभूळ आणि पायवाटेवर जमिनीला चिकटून सराटा. याच वाटांवरून दूधवाले जातात, शेतमजूर जातात, सरकारी योजनेतून सायकल मिळालेल्या मुली शाळेला जातात आणि सुट्टीच्या दिवशी माळरानं बघायला शहरातून गिअरच्या सायकली घेऊन आलेले हौशीही जातात. पंक्चर कुणालाच चुकत नाही.

दोन काटे, दोन स्वभाव

या सगळ्या काट्यांत दोन जातिवंत शत्रू वेगळे काढता येतात. पहिला सराटा, म्हणजेच काटेगोखरू. शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. पावसाळ्यात उगवणारी ही वर्षायू वनस्पती जमिनीवर पसरत जाते. पाच पाकळ्यांची पिवळी, नाजूक फुलं येतात, पानं चिंचेच्या पानांसारखी संयुक्त. फुलाचं फळ होतं आणि पिकल्यावर त्याच्या पाच फाकी सुट्या होतात. त्यातली एक फाक तळहातावर घेऊन बघावी. पाठीवर दोन मोठे टणक काटे, खाली आणखी दोन लहान. कशीही टाकली तरी ती तिवईसारखी बसते आणि एक काटा आभाळाकडे राहतो. पूर्वी शत्रूच्या घोड्यांच्या वाटेवर लोखंडी गोखरू टाकत, त्यांची रचना हीच. आयुर्वेदाने मात्र याच गोक्षुराला लघुपंचमुळात मानाची जागा दिली आहे, शेजारी दुसरी काटेरी वनस्पती म्हणजे रिंगणीही आहे.

सराट्याचा काटा बचावासाठी नाही, प्रवासासाठी आहे. आतल्या बिया दूर जाव्यात म्हणून तो खुरांत, लोकरीत, चपलेत रुततो. सायकलचा टायर म्हणजे त्याला आयतंच वाहन. टायरमध्ये रुतलेली फाक दुसऱ्या गावच्या रस्त्यावर गळून पडते आणि पुढच्या पावसात तिथे नवा वेल पसरतो. बिया मातीत काही वर्षं तशाच पडून राहू शकतात, त्यामुळे एका वर्षी रान स्वच्छ केलं म्हणून हा पाहुणा कायमचा जात नाही.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. पानाच्या बुडाशी जोडीने येणारा, सरळ, पांढुरका, टोकाशी सुईसारखा. चांगला वाढला तर ५ सेंटिमीटरच्याही पुढे जातो. तो झाडाची राखण करण्यासाठी आहे आणि स्वतःहून रस्त्यावर येत नाही. त्याला माणूस आणतो. शेळ्यांसाठी डहाळ्या छाटल्या, शेताला काट्यांची वई घातली, सरपणाच्या फांद्या ओढत नेल्या, रस्त्याकडेचा झाडोरा तोडला की मागे काटे सांडतात. वाळल्यावर ते आणखी कडक होतात. वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, हिचं मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकात इंधनासाठी आणि ओसाड जमीन झाकण्यासाठी ती भारतात आणली गेली. तिच्या गोड शेंगा गुरं खातात, शेणातून बी पसरतं, आणि तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. तिचे काटे जाड आणि चिवट. बोरीच्या काट्यांची जोडी और: एक सरळ, एक वाकडा. वाकडा कपड्यात अडकतो, टायरला सरळ काट्याचीच भीती.

आखूड आणि भरपूर असा सराटा, लांब आणि विरळ अशी बाभूळ. पुढची सगळी निवड या एका फरकावर उभी आहे.

हवेचं चाक आणि त्याची दुखरी जागा

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांची. १८४५ साली त्यांनी पेटंट घेतलं, पण तेव्हा ती रुजली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तोच शोध लावला आणि भरीव रबरी चाकांचे हादरे संपले. हादऱ्यांच्या जागी पंक्चर आलं. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, म्हणून एक भोक बुजवायला तासन् तास जात. फ्रान्समधल्या मिशलाँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ या सायकलपटूने त्याच टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी मिशलाँने स्वतःच शर्यत भरवली आणि टायर किती झटपट दुरुस्त होतो हे दाखवायला वाटेत खिळे टाकून ठेवले. पंक्चर टाळता येत नसेल तर निदान पटकन काढता यावं, हा विचार तेव्हापासून सायकलच्या बांधणीतच आहे.

काटा आत शिरतो कसा, तेही पाहू. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी-नव्वद किलो वजन असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मागच्या चाकावर येतं. ते टायरच्या एवढ्याशा जागेतून जमिनीला पोचतं. काट्याचं टोक इतकं बारीक असतं की थोड्याशा भारानेही रबर फाटून वाट देतं. मागचा टायर जास्त वेळा बसतो त्याचं एक कारण हे. दुसरं असं की पुढचं चाक आडव्या पडलेल्या काट्याला उभं करतं आणि मागचं त्यावर चढतं. रस्ता ओला असला तर पाण्याने रबर बुळबुळीत होतं आणि काटा अधिक सहज आत सरकतो. अवकाळी पावसानंतर दुकानात गर्दी होते ती उगाच नाही.

बहुतेक काटे पहिल्याच फेऱ्यात ट्यूबपर्यंत पोचत नाहीत. ते आधी टायरमध्ये रुततात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासोबत कणाकणाने आत जातात. म्हणून काटेरी पट्टा ओलांडला की मिनिटभर थांबून दोन्ही चाकं हळूहळू फिरवावीत आणि रुतलेल्या सराट्याच्या फाकी उपटून टाकाव्यात. यासारखा फुकटचा उपाय दुसरा नाही. बाभळीचा लांब काटा मात्र आरपार गेलेला दिसला तर थोडा विचार करावा. ट्यूबमध्ये सीलंट नसेल आणि हवा टिकून असेल, तर तो काटाच भोकाला बूच बनलेला असतो. तो उपटला तर हवा तिथेच जाते. गाव जवळ असेल तर हळू चालवत दुकान गाठावं. जवळ पॅच आणि पंप असेल तर बिनधास्त उपटावा, कारण तसंच दामटलं तर टोक इकडेतिकडे हलून भोक मोठं करतं.

जाडी कुठे चालते, कुठे नाही

साध्या सायकलच्या ट्यूबची जाडी सुमारे एक मिलिमीटर. टायरचं रबर तळाशी तीन-चार मिलिमीटर. सराट्याचा काटा यापेक्षा थोडाच लांब असतो. म्हणजे मध्ये आणखी काही मिलिमीटर घातले की त्याचं टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. इथे जाडीचे सगळे उपाय कामाला येतात.

त्यातला सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय गावोगावच्या दुकानांत आजही चालतो. झिजलेल्या टायरच्या दोन्ही कडांच्या तारा कापून काढायच्या आणि राहिलेली पट्टी नव्या टायरच्या आत बसवायची. टायरला एका जागी चीर गेली असेल तर तेवढाच तुकडा आतून लावतात, त्याला गेटर म्हणतात. पट्टी करताना एक पथ्य पाळावं लागतं: तिच्या कडा कानसीने किंवा पॉलिश पेपरने तासून उतरत्या करायच्या. उभी कड राहिली तर ती ट्यूबला घासत राहते आणि काट्याऐवजी पट्टीच पंक्चर करते. शेवटी आत शंखजिऱ्याची पूड, म्हणजे साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, घर्षण कमी होतं. बाजारात याच कामासाठी प्लॅस्टिकच्या तयार पट्ट्याही मिळतात. त्यांच्या दोन टोकांची जिथे गाठ पडते ती जागा ट्यूबला चावते, म्हणून तिथेही कडा गोल करून घ्याव्यात.

जाड ट्यूब हा दुसरा मार्ग. तिची रस्त्याकडची बाजू तीन ते पाच मिलिमीटरपर्यंत जाड असते. तिसरा मार्ग म्हणजे आत संरक्षक थर असलेला टायर. त्यात दोन प्रकार आहेत आणि फरक महत्त्वाचा. केव्हलारसारख्या चिवट धाग्यांचा पातळ पट्टा काचेला, धारदार खडीला अडवतो, पण सुईसारखा काटा धाग्यांच्या मधून वाट काढतो. मऊ रबराचा जाडजूड थर टोकाला अंतरच जास्त कापायला लावतो, म्हणून सराट्याच्या वाटेवर तोच उपयोगी. किंमत वजनाने मोजावी लागते. चाकाच्या कडेला वाढलेलं वजन पायांना चढावर आणि दर वेळी सायकल उचलताना जाणवतं. रोजचं जाणं चार-पाच किलोमीटर असेल तर हा सौदा परवडतो. दिवसभर शंभर किलोमीटर जाणाऱ्याला तो जड पडतो.

बाभळीच्या काट्यापुढे मात्र हा सगळा हिशेब कोसळतो. पाच सेंटिमीटरच्या काट्याला पाच मिलिमीटरचा थर काय अडवणार? तो कधी कधी ट्यूबच्या दोन्ही भिंती भेदून रिमपर्यंत जातो. इथे काट्याला अडवण्याचा नाद सोडून भोक आपोआप बुजेल अशी सोय करावी लागते.

भोक बुजवणारा द्रव

सीलंट म्हणजे बहुतेक वेळा रबराचा चीक, त्यात ग्लायकॉल आणि बारीक कण किंवा तंतू. चाक फिरताना हा द्रव आतून सगळीकडे पसरतो. भोक पडलं की बाहेर जाणारी हवा त्याला तिकडेच ओढते. कण भोकात अडकतात, चीक गोठतो, गळती थांबते. काटा उपटल्यावर भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवून क्षणभर धरावं, द्रव तिथे गोळा होतो. थोडी हवा गेली तर पंपाने भरून घ्यावी.

ट्यूबलेस चाकात ट्यूब नसतेच. हवा टायर आणि खास पट्टी लावलेल्या रिमच्या मध्ये कोंडलेली असते. टायरचं रबर जाड असल्याने भोक चांगलं धरलं जातं आणि हवेचा दाब कमी ठेवता येतो. माळरानावर, खडबडीत वाटेवर रुंद टायर घेऊन फिरणाऱ्याला ही व्यवस्था सगळ्यात सोयीची. माउंटन बाइकच्या एका टायरला साधारण ६० ते १२० मिलिलिटर सीलंट लागतं. पण रिम आणि टायर दोन्ही त्याच कामाचे असावे लागतात, आणि जुन्या साध्या सायकलला हे जमत नाही.

साध्या सायकलवाल्यालाही सीलंट वापरता येतं. आपल्याकडच्या ट्यूबला बहुधा वुड्स व्हॉल्व्ह असतो. त्याचं वरचं नट काढलं की आतला भाग सबंध बाहेर येतो आणि ओतायला मोकळी वाट मिळते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चीक उन्हाने सुकतो. एप्रिल-मेच्या तापलेल्या दिवसांत तर लवकरच, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आणि सीलंट भरलेल्या ट्यूबचं भोक न बुजल्यास तिथे पॅच चिकटवणं अवघड, कारण चिकट ओल रबर धरू देत नाही. तेव्हा सीलंटवाल्यानेही एक कोरी ट्यूब जवळ बाळगावी.

भरीव, हवा न लागणारे टायरही मिळतात. पंक्चरचा प्रश्न ते मुळातच मिटवतात, पण डनलॉपच्या आधीचे हादरे परत आणतात. शेतातल्या ढकलगाडीला ते शोभतात, खडबडीत वाटेने रोज शाळेला जाणाऱ्या सायकलला नाहीत.

पंक्चर काढताना

इतकं करूनही पंक्चर होतं, आणि ते काढणं ही अर्ध्या तासात शिकता येणारी विद्या आहे. सुरुवात ट्यूब काढण्याने करू नये. आधी व्हॉल्व्हवर थुंकी किंवा पाणी लावून बघावं. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच. व्हॉल्व्हवरची इवलीशी रबरी नळी, जिला व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात, ती कुजली आहे. ती बदलली की काम झालं.

नसेल तर टायरवर काटा शोधून त्या जागी खडूने खूण करावी. चेनकव्हर आणि रॉडब्रेकवाल्या सायकलचं मागचं चाक काढायची गरज नसते. टायरची एक कड उचकटून ट्यूब बाजूने ओढून घेतात. ट्यूब कुठल्या बाजूने कशी होती ते लक्षात ठेवावं, म्हणजे ट्यूबचं भोक आणि टायरवरची जागा जुळवता येते. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत जावं. एक भोक सापडलं म्हणून थांबू नये, लांब काटा समोरच्या भिंतीलाही भोक पाडून गेलेला असतो. दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर मात्र दोष काट्याचा नाही. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आदळलं आणि ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक रिमकडच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकून स्पोकचं टोक टोचत असणार.

आता चिकटवणं. जागा कोरडी करून कानसीने किंवा पॉलिश पेपरने घासावी. ट्यूबच्या वरचा तुकतुकीत थर निघून रबर मळकट, खरखरीत झालं पाहिजे, तेही पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेत. साच्याची उंच रेघ मध्ये आली तर ती सपाट करावी, नाहीतर तिच्याकडेने हवा निसटते. मग सोल्यूशनचा पातळ थर. इथे घाई नडते. सोल्यूशन हा साधा डिंक नाही. त्यातला द्रावक उडून जाईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे चार-पाच मिनिटं, बोट लावल्यावर ओलं लागेनासं होईपर्यंत. त्यानंतरच पॅच दाबून बसवायचा, मधून कडांकडे. नीट बसलेल्या पॅचचं रबर ट्यूबच्या रबराशी एकजीव होतं. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी उन्हात सायकल उभी केली की सुटतो.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती शेवटची पायरी. टायर आतून बोटांनी, हळू, सगळीकडे चाचपावा, किंवा कापसाचा बोळा फिरवावा, काट्याचं टोक असेल तिथे कापूस अडकतो. वाळका काटा मोडतो आणि त्याचं टोक टायरच्या रबरात गाडलेलं राहतं. बाहेरून काही दिसत नाही, पण चाकावर भार आला की ते डोकं वर काढतं. दोनदा पंक्चर काढूनही टायर बसतोच, तो बहुधा यामुळे. खडूची खूण इथे कामाला येते. टायर त्या जागी उलटा दुमडला की टोक दिसतं, सुईने किंवा चिमट्याने आतल्या बाजूला ओढून काढावं.

वाटेवरची राखण

काट्यापासून वाचायचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे वाट. गाडीवाटेवर चाकोरी धरावी. मधल्या उंचवट्यावर आणि कडेच्या गवतात सराटा लपलेला असतो. डांबरी रस्त्यावर गाड्यांची चाकं काटे कडेला लोटतात, म्हणून अगदी कडेचा पट्टा वाईट, पण मागची वाहनं बघूनच आत सरकावं. शेताच्या बांधावरून सायकल ढकलण्याऐवजी उचलून न्यावी. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब पाळावा. हवा कमी असली तर ट्यूब चिमटते, ठासून भरलेला टायर काट्यापुढे अजिबात दबत नाही.

रानाकडेही बघता येतं. सराटा श्रावण-भाद्रपदात, ओल्या मातीत, फुलं असतानाच उपटावा, तेव्हा मुळासकट सहज येतो. फळं धरली असतील तर तिथेच टाकू नये, पोत्यात भरून न्यावं. अमेरिकेत, जिथे हे तण भूमध्य समुद्राकडून पोचलं, तिथे त्याला आवर घालायला १९६१ मध्ये दोन जातींचे सोंडे आणून सोडण्यात आले. एक बिया पोखरतो, दुसरा खोड. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात तर २०१८ मध्ये सायकलस्वारांनी सराटे उपटण्याचा उत्सव सुरू केला. बाभळीसाठी सोंडे लागत नाहीत. फांद्या छाटणाऱ्याने जाताना खराट्याने वाट झाडली तरी पुष्कळ.

या सगळ्याचा निवाडा असा. सराट्याच्या वाटेने रोज थोडं अंतर जाणाऱ्याने जुन्या टायरची पट्टी किंवा जाड ट्यूब वापरावी. बाभळीच्या मुलखात साध्या सायकलमध्ये सीलंट ओतावं आणि कोरी ट्यूब जवळ ठेवावी. माळरानावर लांब फिरणाऱ्याने रुंद ट्यूबलेस टायर आणि वेळच्या वेळी सीलंट. दोन्ही काटे भेटत असतील तर पट्टीही हवी आणि सीलंटही.

आणि सायकल वाटताना सोबत पंप, सोल्यूशन, पॅच आणि टायर उचकटायच्या दोन पट्ट्याही द्याव्यात. आठवीतल्या मुलीला पंक्चर काढायला शिकवायला शाळेचा एक तास पुरतो. नाहीतर गावात दुकान नाही, घरच्यांना वेळ नाही, आणि एवढ्याशा भोकापायी सायकल आठवडाभर भिंतीला टेकून राहते आणि मुलगीही घरी.